कुलाबा ते पीण्या : पेशी पाहण्याची वाटचाल

पुणे-कोल्हापूरकडून बंगळूरला जाणारी रात्रीची बस पहाटे शहरात शिरते ती तुमकूर रस्त्याने. नेलमंगल मागे पडले की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना शेड सुरू होतात. लेथ आणि मिलिंगचे कारखाने, प्लेटिंगवाले, पावडर कोटिंगवाले, तयार कपड्यांच्या कंपन्या, गोदामे. हे पीण्या. २०१४ च्या मार्चपासून इथपर्यंत मेट्रोही धावते आणि एका स्थानकाचे नावच ‘पीण्या इंडस्ट्री’ आहे. मराठी प्रवाशाला पीण्या ठाऊक असते ते बहुधा ‘आलेच आता शहर’ या खुणेपुरते.

विज्ञानाच्या इतिहासात मात्र या वसाहतीच्या नावावर दोन मोठ्या नोंदी आहेत. पहिली बऱ्याच जणांना माहीत असते. भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. तो यू. आर. राव आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी पीण्यातल्या औद्योगिक शेडमध्ये बांधला होता. दुसरी नोंद जीवशास्त्राची आहे आणि ती फारसे कोणी सांगत नाही. डीएनए कापणारी, जोडणारी एन्झाइम्स भारतातच तयार करून इथल्या प्रयोगशाळांना विकायची, या हेतूने १९८९ साली ‘बंगलोर जेनेई’ ही कंपनी सुरू झाली. पुढे देशभरातले संशोधक तिला ओळखू लागले ते पीण्याच्या पत्त्याने. तिचे संस्थापक डॉ. पी. बाबू हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे टीआयएफआरमधले शास्त्रज्ञ. टीआयएफआरमधला त्यांचा जो विभाग होता, त्याच विभागातून बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजेच एनसीबीएस उभे राहिले. जिवंत पेशी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची परंपरा आपल्याकडे ज्या मोजक्या संस्थांनी रुजवली, त्यांत एनसीबीएसचे नाव फार वर आहे.

एन्झाइमची आणि सूक्ष्मदर्शकाची, या दोन्ही वाटा मला एकत्र सांगायच्या आहेत. पेशीचे रंगीत, रेखीव चित्र एकट्या सूक्ष्मदर्शकाने निघत नाही. त्यातले निम्मे काम बर्फात ठेवलेल्या छोट्या नळीतल्या रसायनाचे असते. संस्थांचे इतिहास लिहिताना यंत्राचे फोटो छापले जातात, उद्घाटनाच्या तारखा येतात, आणि हे निम्मे काम गाळले जाते.

सुरुवात कुलाब्याची, म्हणजे टीआयएफआरची. १९६२ साली होमी भाभांनी ओबैद सिद्दिकी या तिशीतल्या जनुकशास्त्रज्ञाला टीआयएफआरमध्ये बोलावले. सिद्दिकी मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, अलीगढला शिकलेले, ग्लासगोला ग्विडो पॉन्टेकोर्व्हो यांच्याकडे पीएचडी केलेले. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी त्यांच्याविषयी भाभांना लिहिले होते. अणुभौतिकी आणि गणिताच्या त्या वास्तूत जीवशास्त्राचा एक छोटा विभाग निघाला. त्याकाळी देशातले जीवशास्त्र बरेचसे वर्गीकरण आणि विच्छेदनात गुंतलेले होते. त्या पार्श्वभूमीवर हे पाऊल धाडसाचे होते. सत्तरच्या दशकात सिद्दिकींनी अमेरिकेत सेमूर बेन्झर यांच्याबरोबर फळमाशीवर काम केले. तापमान वाढले की लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या मज्जातंतूंत नेमके काय बिघडते, हा त्यांचा प्रश्न होता. परतल्यावर त्यांनी माशीला वास आणि चव कशी कळते या विषयाला हात घातला.

पी. बाबू या विभागात आले ते सैद्धांतिक भौतिकशास्त्रातून. मूलकणांवर शोधनिबंध लिहिलेला माणूस जीवशास्त्राकडे वळला, ही आज ऐकायला साधी वाटणारी गोष्ट तेव्हा मुळीच साधी नव्हती. त्यांनी निवडलेला प्राणी होता सी. एलिगन्स, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक कृमी. केंब्रिजच्या सिडनी ब्रेनर यांनी हा कृमी प्रयोगशाळेत आणला होता. त्या कृमीतल्या उत्परिवर्तनांवर बाबू आणि ब्रेनर यांचा संयुक्त निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला.

हा कृमी इथे आडवाटेने आलेला नाही. जीवशास्त्रज्ञांच्या हाती कॉन्फोकल पडला तो याच कृमीमुळे.

मूळ कल्पना त्याहून जुनी. १९५५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये मार्विन मिन्स्की नावाच्या तरुणाला मेंदूतल्या पेशींची जोडणी पाहायची होती. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक जनक म्हणून ते जगाला माहीत झाले. मेंदूचा तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की अडचण अशी, की भिंग ज्या पातळीवर नेमलेले असते तिच्या वरचा आणि खालचा प्रकाशही डोळ्यांत शिरतो. ट्रेसिंग पेपरवर काढलेली पन्नास चित्रे एकावर एक ठेवून प्रकाशासमोर धरावीत, तसा सगळा गोंधळ दिसतो. मिन्स्कींनी ठरवले, की संपूर्ण नमुना एकदम उजळायचाच नाही. एका वेळी एकच बिंदू उजळायचा, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत एक बारीक छिद्र ठेवायचे. नमुन्यातल्या त्या बिंदूपासून निघालेला प्रकाश छिद्रावर नेमका एकवटतो आणि पार जातो. वरच्या-खालच्या थरांतला प्रकाश छिद्रापाशी पसरट होऊन पोचतो आणि अडतो. दोन्ही ठिकाणचा केंद्रबिंदू जुळलेला, म्हणून कॉन्फोकल. १९५७ साली त्यांनी पेटंटचा अर्ज केला, १९६१ साली ते मिळाले. पण पुरेसा प्रखर प्रकाशस्रोत नव्हता आणि चित्र साठवणारा संगणक नव्हता. पेटंटची मुदत संपली तरी यंत्र सर्रास वापरात आले नाही.

केंब्रिजला जॉन व्हाइट ब्रेनर यांच्या कृमीची मज्जासंस्था रेखाटत होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या हजारो पातळ कापांवरून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ३०२ मज्जापेशींचा नकाशा पुरा केला, तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास कृमीचे गर्भ चमकत्या रंगाने रंगवून पाहताना व्हाइट यांना मिन्स्कींचीच अडचण आली. नमुना जाड, चित्र धूसर. या वेळी मात्र लेसर उपलब्ध होते, प्रकाशाचा कण न कण मोजणारे फोटोमल्टिप्लायर होते, आणि टेबलावर मावणारा संगणक होता. व्हाइट, ब्रॅड अमॉस आणि मिक फोर्डहॅम यांनी नमुना हलवण्याऐवजी आरशांनी लेसरचा किरणच नमुन्यावर ओळीने फिरवला. १९८७ साली त्यांनी साध्या आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने टिपलेली तीच पेशी शेजारी शेजारी छापली. ती चित्रे पाहिल्यावर कोणाला पटवून सांगायची गरज उरली नाही. बायो-रॅड कंपनीने ते यंत्र बाजारात आणले आणि पाच-सात वर्षांत जगभरच्या मोठ्या प्रयोगशाळांत ते पोचले.

यंत्राने काय बदलले, हे कुलाब्याच्याच एका कामावरून समजते. व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म १९५३ चा, केनियातला. घराणे गोव्याचे. डब्लिनला शिकून त्या थेट कुलाब्याला सिद्दिकींकडे आल्या, आणि फळमाशीच्या वास-चवीच्या जनुकांवरचे त्यांचे काम लवकरच जगभर वाचले जाऊ लागले. वेगवेगळ्या वासांना माशीच्या मेंदूतले वेगवेगळे भाग प्रतिसाद देतात का, हे त्यांना दाखवायचे होते. कॉन्फोकल हाताशी नव्हता. त्यांनी माशीला किरणोत्सारी साखर दिली, वास दिला, मग मेंदूचे अतिशय पातळ काप काढून त्यांवर फोटोग्राफीचा लेप चढवला. ज्या भागाने जास्त साखर ओढली तिथे काळे कण उमटायचे. हे काम १९८८ साली प्रसिद्ध झाले. वास ओळखणाऱ्या मेंदूच्या भागात इवल्या गोलकांसारख्या गाठी असतात, आणि प्रत्येक वासाचा या गाठींतला ठसा निराळा असतो, हे त्यातून पुढे आले. माशीचा मेंदू अर्ध्या मिलिमीटरहून फार मोठा नसतो. त्याचे काप काढायचे, क्रम न चुकता मांडायचे, लेपावर चित्र उमटेपर्यंत थांबायचे, आणि मग मनातल्या मनात तो मेंदू पुन्हा जोडायचा. या चिकाटीविषयी मला मनापासून आदर वाटतो.

पुढच्या काळात त्यांच्या आणि नंतर एनसीबीएसचे संचालक झालेल्या के. विजयराघवन यांच्या गटांच्या निबंधांत कॉन्फोकलची चित्रे येऊ लागली. आता मेंदू कापावा लागत नव्हता. तो अखंड काढायचा, रंगवायचा, काचपट्टीवर ठेवायचा. किरण एक पातळी वाचून काढतो, मंच मायक्रॉनच्या अंशाने सरकतो, पुढची पातळी वाचली जाते. अशा पन्नास-शंभर पातळ्यांची चळत संगणकात चढली की मेंदू सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येतो. त्या पन्नासेक गाठी एकेक करून मोजता येतात, आणि कोशातली माशी तयार होत असताना त्या कधी, कशा घडतात हे टप्प्याटप्प्याने दिसते. वाढीच्या जीवशास्त्राला कॉन्फोकलने दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच आहे, असे माझे मत आहे.

दरम्यान संस्थेनेच गाव बदलले होते. जीवशास्त्राचे स्वतंत्र केंद्र काढायची कल्पना टीआयएफआरमध्ये ऐंशीच्या दशकात रुजली. मंजुरी, जागा आणि पैसा यांत वर्षे गेली. शेवटी बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गांधी कृषी विज्ञान केंद्राच्या, म्हणजे सगळे ज्याला जीकेव्हीके म्हणतात त्या आवारात सुमारे वीस एकर जागा दिली. इमारत होईपर्यंत, १९९१ च्या सुमारास, एनसीबीएसचे काम भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या टीआयएफआर केंद्रातून सुरू झाले. नव्वदचे दशक संपता संपता मंडळी राज रेवल यांनी आखलेल्या दगडी, चौकाचौकांच्या वास्तूत राहायला गेली. १९९६ पासून विजयराघवन संचालक होते. सिद्दिकी अखेरपर्यंत प्रयोगशाळेत येत राहिले. २०१३ च्या जुलैमध्ये रस्त्यावरच्या अपघातानंतर त्यांचे निधन झाले. व्हेरॉनिका रॉड्रिग्ज त्याआधीच, २०१० साली गेल्या.

बाबू मात्र जीकेव्हीकेला न जाता उद्योगाकडे वळले. असे का करावे लागते, हे समजायला ऐंशीच्या दशकातली प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणावी लागते. रिस्ट्रिक्शन एन्झाइम म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणारे प्रथिन. ते उणे वीस अंशांवर ठेवावे लागते. ते अमेरिकेतून किंवा युरोपातून कोरड्या बर्फात यायचे. परकीय चलनाची परवानगी, मागणीपत्र, विमान, मग कस्टम्स. कोरडा बर्फ वितळत नाही, हवेत उडून जातो. विमानतळाच्या गोदामात खोका चार दिवस पडला की आतल्या नळ्या खोलीच्या तापमानाला येतात आणि शेकडो डॉलरचे एन्झाइम निकामी होते. ज्या विद्यार्थ्याने ते मागवले त्याचे अर्धे वर्ष त्याबरोबर जाते. असे विद्यार्थी एकट्या मुंबईत नव्हते, प्रत्येक विद्यापीठात होते. बाबूंनी त्या अडचणीवर कारखान्याचा उपाय काढला. जिवाणू वाढवायचे, त्यांतून एन्झाइम शुद्ध करायचे, त्याची ताकद मोजायची, आणि बर्फात घालून एक-दोन दिवसांत पोचते करायचे.

याचा कॉन्फोकलशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला संबंध जनुकांचा. १९९४ साली मार्टिन चाल्फी यांनी जेलीफिशमधले हिरवे चमकणारे प्रथिन, म्हणजे जीएफपी, दुसऱ्या प्राण्याच्या पेशीत चमकवून दाखवले. तो प्राणीही सी. एलिगन्सच होता. या प्रथिनासाठी २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. जे प्रथिन पाहायचे त्याच्या जनुकाला जीएफपीचे जनुक जोडले की ते प्रथिन जिवंत पेशीत स्वतःच चमकत हिंडते आणि कॉन्फोकल त्याचा माग काढतो. पण ही जोडणी आधी नळीत करावी लागते. एका एन्झाइमने कापायचे, दुसऱ्याने चिकटवायचे. ही कापणारी आणि चिकटवणारी एन्झाइम्स हाच जेनेईचा मूळ धंदा.

दुसरा संबंध याहून थेट आहे. पेशीतले एखादे प्रथिन जागच्या जागी पाहायचे असेल तर पेशी स्थिर करतात, तिचे पटल थोडे सच्छिद्र करतात, आणि त्या प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड आत सोडतात. त्या प्रतिपिंडावर बसणारे दुसरे प्रतिपिंड रंग लावलेले असते. हा रंग त्या काळी बहुतेक वेळा एफआयटीसी. निळा प्रकाश घेतो, हिरवा परत देतो. आर्गॉन लेसरची ४८८ नॅनोमीटरची निळी रेषा त्याला अगदी सोयीची पडते. जेनेई ही रंग लावलेली दुसरी प्रतिपिंडेही विकायची. भारतीय शोधनिबंधांच्या ‘साहित्य आणि पद्धती’ या भागात कंसातले ‘बंगलोर जेनेई’ हे दोन शब्द वर्षानुवर्षे दिसतात. चित्राखाली सूक्ष्मदर्शकाच्या कंपनीचे नाव येते, आणि त्या चित्रातला हिरवा रंग पीण्याहून आलेला असतो. कंपनीने महाविद्यालयांसाठी प्रात्यक्षिकांचे संचही काढले. डीएनए कापून जेलवर पळवण्याचा पहिला प्रयोग देशातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्या संचांवर केला. मला हे काम एखाद्या गाजलेल्या निबंधाइतके मोलाचे वाटते. जेनेईची मालकी पुढे चेन्नईच्या सनमार समूहाकडे आणि नंतर जर्मनीच्या मर्ककडे गेली. नाव आजही पीण्यात आहे, ‘जेनेई लॅबोरेटरीज’ म्हणून.

एनसीबीएसमध्ये एव्हाना कॉन्फोकलच्या पलीकडचा प्रश्न उभा राहिला होता. मुंबईच्या आयआयटीत रसायनशास्त्र शिकलेले सत्यजित मेयर १९९५ साली एनसीबीएसमध्ये आले. पेशीच्या बाहेरच्या पटलावर काही प्रथिने एका विशिष्ट मेदाच्या नांगराने अडकलेली असतात. ती पटलावर विखुरलेली असतात की गटाने राहतात, हा त्यांचा प्रश्न. प्रकाशाच्या लहरींच्या स्वभावामुळे कॉन्फोकलला आडव्या दिशेने सुमारे २०० नॅनोमीटर आणि खोलीच्या दिशेने ५०० नॅनोमीटरहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. प्रथिने त्याहून कितीतरी जवळ असतील तर चित्रात सपाट चकाकी तेवढी दिसते. मेयर आणि रजत वर्मा यांनी ठिपके वेगळे करण्याचा नाद सोडला. दोन रंगरेणू काही नॅनोमीटर अंतरावर आले की एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते आणि परत येणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण बदलते. तो बदल मोजला की चित्रात न दिसणारी जवळीक कळते. १९९८ साली हे काम ‘नेचर’मध्ये आले. २००४ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की या प्रथिनांचा २० ते ४० टक्के हिस्सा दोन-चार रेणूंच्या इवल्या घोळक्यांत असतो. पुढे सिद्धांतकार मदन राव यांच्याबरोबर त्यांनी हे घोळके पटलाखालच्या ॲक्टिनच्या धाग्यांच्या हालचालीने घडतात, असे मांडले. सूक्ष्मदर्शकाची मर्यादा नेमकी माहीत असलेल्या माणसाला त्या मर्यादेपलीकडचा प्रश्न कसा विचारता येतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या विज्ञानात मला दुसरे ठाऊक नाही. मेयर २०१३ ते २०२३ एनसीबीएसचे संचालक होते.

एनसीबीएसने आणखी एक गोष्ट केली, जी बाहेरून दिसत नाही. महागडी यंत्रे एकेका प्राध्यापकाच्या खोलीत कुलपाखाली न ठेवता सामाईक इमेजिंग केंद्रात आणली. तिथे तासांच्या हिशेबाने नोंदणी होते आणि यंत्र शिकवायला तंत्रज्ञ असतात. जिवंत पेशी भराभर टिपण्यासाठी हजारो छिद्रांची फिरती तबकडी असलेले स्पिनिंग डिस्क, जाड ऊतींत खोल जाण्यासाठी दोन फोटॉनचे यंत्र, असे प्रकार याच पद्धतीने सर्वांना मिळतात. आवारातच २००९ मध्ये सुरू झालेले सी-कॅम्प ही सोय बाहेरच्या संस्थांना आणि नवउद्योगांना देते, आणि ‘बंगलोर मायक्रोस्कोपी कोर्स’ला देशभरातून विद्यार्थी येतात. महाराष्ट्रातही टीआयएफआर, खारघरचे ॲक्ट्रेक, पुण्याचे एनसीसीएस आणि आयसर इथे कॉन्फोकल आहेत. पुण्याच्या आयसरमध्ये जीवशास्त्र विभाग घडवणारे एल. एस. शशिधर पुढे एनसीबीएसचेच संचालक झाले. माशीच्या मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणारे छोटे अवयव कसे तयार होतात, हा त्यांचा विषय, आणि त्यातला पुरावा बराचसा कॉन्फोकलखालचा.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. या सर्व संस्थांतली कॉन्फोकल यंत्रे बहुतेक जर्मनीची किंवा जपानची. झाइस, लायका, निकॉन, ऑलिंपस. लेसर थकला, आरशाची मोटर बिघडली, की सुटा भाग परदेशातून येईपर्यंत यंत्र झाकून ठेवायचे. म्हणजे एन्झाइमची जी अडचण १९८९ साली होती, ती यंत्राच्या बाबतीत अजून तशीच आहे. आणि ज्या गोष्टींनी कॉन्फोकल बनतो त्या पीण्याला अपरिचित नाहीत. यशवंतपूर-पीण्याच्या तुमकूर रस्त्यावर १९६२ साली चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने सुरू झालेली, आता सीएमटीआय म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. मायक्रॉनच्या अंशात कापणे आणि मोजणे हेच तिचे काम. आर्यभट जिथे बांधला त्या जागी आज इस्रोची लिऑस ही प्रकाशविज्ञान प्रयोगशाळा आहे. चंद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ गाडीवर लेसरची ठिणगी पाडून मातीतले मूलद्रव्य ओळखणारे उपकरण तिनेच केले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने दक्षिण ध्रुवाजवळ गंधक असल्याचे कळवले. लेसर, भिंगे, प्रकाश मोजणारा शोधक, आणि हे सगळे न हलता एका रेषेत धरणारी चौकट. कॉन्फोकललाही हेच लागते.

म्हणून पीण्यातल्या, भोसरीतल्या, शिरोलीतल्या, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखानदारांना एक विनंती आहे. संपूर्ण यंत्राचा विचार सुरुवातीला नकोच. जवळच्या संशोधन संस्थेतल्या इमेजिंग केंद्रात एकदा जा. तिथल्या तंत्रज्ञाला विचारा, की कोणता सुटा भाग वरचेवर बिघडतो आणि किती आठवड्यांनी येतो. मंचाची पकड असेल, भिंगाची चौकट असेल, गाळणीची चकती असेल. तो एक भाग हातात घ्या, मोजा, आणि बनवून द्या.